विचारून चालणारा माणूस

"विचारायला काय जातं?" असं म्हणून डॉक्टर डोक्यावरची लोकरी टोपी काढायचे, उजव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला विचारायचे. समोर माणूसच असला पाहिजे अशी अट नव्हती. मी त्यांना गाईला विचारताना पाहिलं आहे. ती फाटकाला टेकून निवांत रवंथ करत उभी होती, आणि हा सत्तरी ओलांडलेला सांगलीचा गृहस्थ तिला अदबीनं म्हणत होता, "मॅडम, मे वी?" थोड्या वेळानं गाय आपल्या मर्जीनं हलली. डॉक्टरांनी तिला थँक्यू म्हटलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा रावसाहेब, विचारलं की होतं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रिकाम्या बसमध्ये चढून 'इथे कोणी बसलंय का' असं विचारणारी. बहुतेकांचा तो नुसता उपचार असतो. विचारता विचारता ती बसलेलीही असतात. डॉक्टरांचं तसं नव्हतं. ते उत्तर येईपर्यंत उभे राहायचे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यापुढे उभं राहून ते वहिनींना विचारायचे, "बसू का?" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "नाही म्हटलं तर उभे राहणार आहात का?" त्यावर डॉक्टर गंभीरपणे विचार करायचे.

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये, रीडिंग गावी, सॉफ्टवेअरमध्ये आहेत. नातू झाला तेव्हा आम्ही दोघं साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी तिकडे गेलो. बायको नातवात रमली. मी कशात रमावं हे कोणाला सुचेना. मी डिशवॉशर चुकीचा लावतो, आणि तो मी लावू नये, असा घरात पहिल्याच आठवड्यात एकमतानं ठराव झाला होता. तशात गणपतीला तिथली मराठी मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमली. मी कोपऱ्यात बसलो होतो. शेजारच्या खुर्चीपाशी एक गृहस्थ हातात मोदकाची प्लेट घेऊन उभे होते. बराच वेळ उभे होते. शेवटी माझ्या लक्षात आलं की ते माझ्या होकारासाठी थांबले आहेत.

हे भुलीचे डॉक्टर. चाळीसेक वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आले आणि इथलेच झाले. रीडिंगपासून वीस मिनिटांवरच्या एका खेड्यात घर. मी कोण, काय, हे त्यांनी विचारून घेतलं आणि तिथल्या तिथे मला रावसाहेब करून टाकलं. आपल्याकडे तहसीलदाराला रावसाहेब म्हणतात, नायबाला नव्हे. पण इतक्या लांब येऊन मिळालेली बढती मी कशाला नाकारू?

"रविवारी येता का वॉकला?" ते म्हणाले. "प्रॉपर कंट्रीसाइड दाखवतो. ट्रेनर्स नकोत हं, वेलीज घाला. फुल मड असतो."

जावयाचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून मी गेलो. ते मला दोन नंबर मोठे होते, त्यामुळे मी आधी चालायचो आणि बूट मागून यायचे. पण जे पाहिलं त्यानं मी थक्क झालो. त्या देशात माणसं दुसऱ्याच्या शेतातून, उभ्या पिकातून, खुशाल पायवाटेनं जातात, आणि मालक काठी घेऊन धावत येत नाही. उलट ट्रॅक्टरवरून हात करतो. वाटेवर पिवळे बाण लावलेले. माझी तीस वर्षं बांधाच्या आणि रस्त्याच्या भांडणात गेली होती. कोणी कोणाच्या वावरातून बैलगाडी नेली, कोणी काटे टाकले, कोणी कोणाचं डोकं फोडलं, याचे जबाब लिहून माझं अक्षर बिघडलं. आणि इथे लोक कुत्रं घेऊन दुसऱ्याच्या गव्हातून हवा खात होते.

डॉक्टर आणि वहिनी मात्र त्या बाण लावलेल्या वाटांनी फारसे जात नसत. कारण होतं वहिनींचे गुडघे. दोन्ही कामातून गेले होते. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या म्हणत, "जन्मभर यांच्याकडून थिएटरातल्या गोष्टी ऐकल्यात. मी त्या टेबलावर चढायची नाही, भावजी." चालत राहा, नाहीतर खुर्चीला खिळाल, असं त्यांच्या जीपीनं, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरनं, बजावलं होतं. आता तिकडच्या पायवाटांवर दर कुंपणापाशी एक लाकडी पायऱ्यांची घोडी असते. तिच्यावर चढायचं, पाय पलीकडे टाकायचा आणि उतरायचं. त्याला ते स्टाइल म्हणतात. मेंढ्यांना जमू नये म्हणून ती केलेली असते. मेंढ्यांना जमत नाही आणि वहिनींनाही जमत नसे.

गावात एकच वाट अशी होती की तिच्यावर एकही स्टाइल नव्हती. गावाच्या टोकाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर, घरालगत साधं फाटक, तिथून ओढ्याच्या काठाकाठानं सरळ चर्चपर्यंत. सपाट, पाऊण मैल. नकाशात नव्हती, पण सगळं गाव जायचं. वहिनी तिला 'माझी वाट' म्हणायच्या. दर रविवारी चर्चपर्यंत जायचं, तिथल्या बाकावर बसून थर्मासमधला चहा आणि डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खायच्या आणि परत यायचं, हा त्यांचा एकवीस वर्षांचा नेम होता.

पहिल्या रविवारी आम्ही फाटकापाशी आलो. फाटक उघडंच होतं. आमच्या पुढून एक बाई कुत्रं घेऊन सरळ आत गेली. डॉक्टर मात्र वळून म्हाताऱ्याच्या दारापाशी गेले. टोपी काढली, बोट वर केलं. दाराचा वरचा अर्धा भाग उघडून म्हातारा बाहेर डोकावला. तोंडात टोस्ट होता.

"गुड मॉर्निंग," डॉक्टर म्हणाले. "आज आम्ही तिघं आहोत. आपल्या वाटेनं जाऊ का?"

म्हाताऱ्यानं टोस्ट गिळला. "मला काय विचारता, डॉक्टर? वाट माझी नाही, तर मी कुठून देऊ? माझ्या बापाच्या आधीपासून लोक जातात. जा. आणि दारातून सरका, थंडी आत येतेय."

"थँक यू, थँक यू सो मच," म्हणत डॉक्टर परत आले. "बघा, किती चांगला माणूस आहे!"

फाटक ओलांडल्यावर माझ्यातला नायब तहसीलदार जागा झाला. मी म्हटलं, "डॉक्टर, ही वहिवाटीची वाट आहे. तिथून जायला परवानगी मागायची नसते. जो मागतो त्याचा हक्क बुडतो. वीस-वीस वर्षं शेजाऱ्याला 'दादा, जाऊ का' म्हणून जाणारी माणसं मी केस हरताना पाहिली आहेत."

"अहो, पण दुसऱ्याच्या घरावरून जायचं ते न विचारता?" डॉक्टर खरोखरच दुखावले. "विचारायला काय जातं?"

"वाट जाते," मी म्हणालो.

वहिनी पुढे बघून हसल्या. "भावजी, ह्यांनी मला लग्नाआधी चार वेळा विचारलं होतं. मी पहिल्यांदाच हो म्हटलं होतं."

त्या सहा महिन्यांत डॉक्टरांच्या विचारण्याच्या बऱ्याच कथा माझ्या कानावर आल्या. म्हातारा कंटाळून रविवारी सकाळी पडदे ओढून बसू लागला, तेव्हा डॉक्टर पावसात पंचवीस मिनिटं दाराशी उभे राहिले. शेवटी आपल्या दारात कोणाला न्यूमोनिया नको म्हणून म्हातारा बाहेर आला. दर दिवाळीला त्याला चिवड्याचा मोठा डबा जायचा. तो चिवडा म्हातारा कोंबड्यांना घालतो हे वहिनींना माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं. आणि कळस म्हणजे, फार वर्षांपूर्वी म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन डॉक्टरांच्याच हॉस्पिटलात निघालं. वार शनिवार. सुई लावून झाली, औषध सोडायला घेतलं, म्हातारा दहापासून उलटे आकडे मोजू लागला, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की उद्या रविवार आहे. "म्हटलं, आलोच आहोत तर विचारून घ्यावं," ते मला सांगत होते. "पण सातपर्यंत आला आणि झोपला हो. उत्तर राहिलंच."

"मग?"

"मग काय? त्या रविवारी नाही गेलो."

मला हा माणूस फार आवडायचा. त्याच्याबरोबर पाऊण मैल जायला दोन तास लागायचे आणि ते दोन तास मी आठवडाभर मनात ठेवायचो.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. उतरल्या उतरल्या मी डॉक्टरांना फोन केला आणि रविवारचं विचारलं. ते म्हणाले, "या ना. पण वॉक घरातल्या घरात करावा लागेल."

म्हातारा वारला होता. पुतण्यानं शेत विकलं. नवीन मालक लंडनचा. त्यानं घर पाडून काचेचं बांधायला घेतलं, फाटकाला कुलूप घातलं आणि 'खासगी' अशी पाटी लावली. डॉक्टर टोपी काढून, बोट वर करून त्याच्याकडेही गेले होते. त्यानं हसून, अगदी सभ्यपणे, नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांना विचारल्यावर नाही मिळालं होतं. ते तीन दिवस नीट जेवले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या.

वहिनींचं चालणं बंद पडलं होतं. दुसऱ्या वाटेनं न्यायचा प्रयत्न डॉक्टरांनी करून पाहिला. मीही बरोबर होतो. पहिल्याच स्टाइलवर वहिनी कशाबशा चढल्या, एक पाय पलीकडे गेला आणि दुसरा येईना. डॉक्टर खालून, "पाय धरू का? कोपरापाशी आधार देऊ का? डावीकडून येऊ का?" असे एकामागून एक प्रश्न विचारत होते. पलीकडे पाच-सहा वासरं जमून तमाशा बघू लागली. शेवटी वहिनींनी जाहीर केलं की त्या इकडेही येणार नाहीत आणि तिकडेही जाणार नाहीत. त्यांनी वरच बसून डबा उघडला आणि सगळ्यांना पुऱ्या वाटल्या. अर्ध्या तासानं दोन धडधाकट फिरस्ते आले, त्यांनी वहिनींना उतरवून घेतलं. घरी येईपर्यंत आम्ही तिघंही हसत होतो. पण त्यानंतर आठ दिवस वहिनी जिना उतरून खाली आल्या नाहीत. मग त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती फेऱ्या मारायला लागल्या. शंभर फेऱ्या. डॉक्टर खुर्चीत बसून मोजायचे आणि मधेच चुकायचे.

गावात पॅम नावाची एक निवृत्त शिक्षिका होती. पहिल्या दिवशी कुत्रं घेऊन आमच्या पुढून गेलेली तीच. ती गप्प बसणारी नव्हती. तिनं कौन्सिलकडे अर्ज घातला. तिकडचा कायदा असा की लोकांनी वीस वर्षं एखादी वाट उघडपणे, मोडतोड न करता आणि कोणाची परवानगी न घेता वापरली असेल, तर ती सगळ्यांची होते. मग मालकाला ती अडवता येत नाही. मी ऐकलं आणि म्हटलं, अरे, हा तर आमचाच कायदा! त्यासाठी गावकऱ्यांचे जबाब हवे होते. छापील फॉर्म होता. घरोघर फिरून ते भरून घ्यायचं काम डॉक्टरांनी अंगावर घेतलं आणि पंधरा-वीस दिवसांत ढीगभर फॉर्म जमवले. या कामाला विचारणारा माणूसच लागतो.

उरला त्यांचा स्वतःचा फॉर्म. त्यात एक प्रश्न होता : तुम्ही कधी परवानगी मागितली होती का?

पॅम स्वयंपाकघरात बसून चहा पीत होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की काही लोक काही रकाने कोरे सोडतात, आणि त्याबद्दल त्यांना कोणी काही विचारत नाही असं तिनं ऐकलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात इंग्रज माणसाचा हात धरणारा कोणी नाही. मी सरळ मराठीत म्हणालो, "डॉक्टर, 'नाही' लिहा. एका शब्दाचा प्रश्न आहे."

"कसं लिहू? मागितली ना मी."

"तुम्ही मागितली हे सांगणारा म्हातारा आता वर गेलाय."

"रावसाहेब," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं पेशंटची सही घेतल्याशिवाय सुई टोचली नाही. आता माझी स्वतःची सही खोट्याखाली करू?"

मला त्यांचा राग आला. खरं सांगतो, चांगलाच राग आला. एका माणसाच्या सोवळेपणापायी वहिनी जन्मभर टेबलाभोवती फिरणार होत्या. सगळ्या गावाच्या जबाबांवर हा एक जबाब पाणी ओतणार होता, आणि मालकाचा वकील नेमका तोच उचलणार, हे मला दिसत होतं. मी तसं बोललोही.

डॉक्टर ऐकून घेत होते. मग त्यांनी टोपी नसतानाही डोक्याकडे हात नेला आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या वहिनींकडे वळले. "अगं, चालणं तुझं जाणार आहे. तू सांग. खरं लिहू का?"

वहिनी कांदा चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली नाही. "माझ्या गुडघ्यांसाठी तुम्ही खोटं लिहिणार असाल, तर ते गुडघे गेलेले बरे. लिहा खरं."

डॉक्टरांनी लिहिलं : होय. दर रविवारी. बावीस वर्षं. पॅमनं ते वाचलं आणि "ओ डिअर" म्हणून तिनं दुसरा कप चहा मागितला. वहिनी पुन्हा कांदा चिरायला लागल्या.

ते प्रकरण उभं राहायला आणखी दीड वर्ष गेलं. माझ्या पुढच्या फेरीत चौकशीची तारीख लागली होती, म्हणून मला ती ऐकायला मिळाली. गावच्या हॉलमध्ये लांब टेबल, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. चौकशी करायला सरकारकडून एक मध्यमवयीन बाई आली होती. तिच्या बुटांना ताजा चिखल होता. ती सकाळीच ती वाट स्वतः चालून आली होती. मला ते फार आवडलं. आमच्याकडे स्थळपाहणी जीपमधून व्हायची.

गावकऱ्यांचे जबाब भराभर झाले. मग मालकाच्या वकिलानं डॉक्टरांना पुढे बोलावलं. वकील तरुण होता, केस छान विंचरलेले.

"डॉक्टर, तुम्ही या वाटेनं जाण्याआधी परवानगी मागत होतात?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी. फक्त एकदा उत्तराआधीच त्यांना झोप लागली. मीच भूल दिली होती."

हॉलमध्ये हशा पिकला. वकीलही हसला. त्याला हसायला काही हरकत नव्हती, तो जिंकत होता.

"म्हणजे मालकाच्या मर्जीशिवाय जाता येत नाही, असं तुम्ही धरून चालला होतात."

"मी काहीच धरून चाललो नव्हतो," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर विचारत होतो."

"आणि दर वेळी मालकांनी परवानगी दिली."

डॉक्टरांनी वर बघितलं. खरं-खोटं तपासताना ते नेहमी असे वरच्या छताकडे बघायचे. वहिनी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पर्सचा बंद घट्ट धरला.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही?"

"एकदाही दिली नाही."

"मग तुम्ही गेलात कसे?" वकिलानं विचारलं. "ते म्हणाले तरी काय?"

उलटतपासणीत, उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न विचारू नये, हे आमच्या तालुक्यातला नवशिका वकीलही जाणतो. डॉक्टरांनी कोपर एका काल्पनिक अर्ध्या दारावर टेकलं. आणि तोंडात टोस्ट असल्यासारख्या, त्या म्हाताऱ्याच्या हुबेहूब खरखरीत आवाजात म्हणाले, "मला काय विचारता, डॉक्टर? वाट माझी नाही, तर मी कुठून देऊ? माझ्या बापाच्या आधीपासून लोक जातात. जा. आणि दारातून सरका, थंडी आत येतेय."

मागच्या रांगेतली दोन म्हातारी माणसं दचकून पुढे झाली. त्यांनी तो आवाज ओळखला होता. चौकशीवाली बाई मान खाली घालून लिहू लागली आणि बराच वेळ लिहीतच राहिली. मग तिनं विचारलं, "हे ते एकदा म्हणाले?"

"नाही हो, मॅडम. दर रविवारी. बावीस वर्षं. थंडीचं तेवढं उन्हाळ्यात नसायचं."

आता माझी गोष्ट सांगतो. ते वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. वाट माझी नाही, लोकांची आहे, असं खुद्द मालक आपल्या तोंडानं सांगत होता. वहिवाटीच्या दाव्यात याहून मोठा पुरावा शोधून सापडायचा नाही. तीस वर्षं जबाब लिहून घेतलेला मी, त्या फाटकापाशी उभा होतो आणि डॉक्टरांना प्रश्नावरून झाडत होतो. उत्तराकडे माझं लक्षच नव्हतं. डॉक्टरांनी मात्र प्रत्येक उत्तर ऐकून ठेवलं होतं.

बाहेर आल्यावर डॉक्टर पडल्या चेहऱ्यानं माझ्यापाशी आले. "रावसाहेब, माझ्यामुळे केस गेली का हो?"

मी त्यांना भर रस्त्यात मिठी मारली. ते बिचकले. आमची टोपी, चष्मा आणि छत्री यांचा जरा गोंधळ झाला. वहिनी म्हणाल्या, "अहो, जिंकलात तुम्ही," आणि डॉक्टर म्हणाले, "खरंच? पॅमला विचारून येऊ का?"

निकाल लगेच लागला नाही. माझा व्हिसा संपला, मी साताऱ्याला आलो. डॉक्टर दर रविवारी फोन करायचे. "बोलू का आता? बिझी नाही ना?" मग सांगायचे, अजून पोस्टात काही आलं नाही, फाटकाला अजून कुलूप आहे, हिच्या आज ऐंशी फेऱ्या झाल्या. फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी वहिनींचा आला. डॉक्टर झोपेतच गेले होते. जन्मभर दुसऱ्यांना न दुखवता झोपवलं, तसेच स्वतः गेले. मी फोन ठेवला आणि बायकोसमोर लहान मुलासारखा रडलो.

निकाल मे महिन्यात आला. वाट सगळ्यांची ठरली, कुलूप निघालं.

मी गेलो तेव्हा ऑक्टोबर होता. वहिनींनी आधी निकालाचे कागद माझ्यापुढे ठेवले. "भावजी, तुम्ही वाचा. मला त्यातलं इंग्लिश काही कळत नाही." त्यांना सगळं कळत होतं. मी सवयीनं शेवटचं परिशिष्ट आधी उघडलं. वाटेची सुरुवात, शेवट, लांबी, आणि मग रुंदी. रुंदीपाशी मी थांबलो. फॉर्ममध्ये रुंदीचाही प्रश्न होता, हे मी विसरलो होतो. बाकी सगळ्या गावानं एक मीटर लिहिलं होतं, एक माणूस आणि एक कुत्रं मावेल एवढी. एकट्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : दोन मीटर. दोन माणसं शेजारी शेजारी चालतात, एकीचे गुडघे दुखतात, ती दुसऱ्याचा हात धरते. चौकशीवाल्या बाईनं तो जबाब जसाच्या तसा उतरवला होता आणि खाली हुकूम दिला होता : रुंदी दोन मीटर, कायमची.

मग आम्ही निघालो. वहिनींच्या हातात आता काठी होती. फाटक उघडं होतं, नवा पिवळा बाण लावला होता. मालकानं दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण घातलं होतं, पण मापात, बरोबर दोन मीटर सोडून. ओढ्याला पाणी होतं. वहिनी डाव्या कडेनं चालत होत्या, कुंपणाच्या इतक्या जवळून की त्यांचा कोट अधूनमधून तारेला घासत होता. उजवीकडे सगळी वाट मोकळी.

थोडं गेल्यावर त्या मागे न बघता म्हणाल्या, "भावजी, मागे का पडताय? या की शेजारी. जागा आहे."

जागा होती. मी "आलो, आलो" म्हटलं आणि चर्चपर्यंत त्यांच्या मागूनच चालत गेलो.